झोपलेल्या बाईचा फोटो

सायसिंगभाऊ,

पहिले चार महिने तुम्ही मला ‘शेठ’ म्हणत होतात. त्यात तुमची काही चूक नव्हती. फेसबुकवरच्या त्या ग्रुपात मी आमच्या साड्यांच्या दुकानाच्या नावानं शिरले होते, चेहऱ्याच्या जागी दुकानाची पाटी. पहिलाच फोटो टाकला तो तापीचा, संध्याकाळच्या उजेडातला. खाली भराभर अंगठे आले. ‘मस्त’, ‘लय भारी’, ‘क्या बात’. आणि सगळ्यांच्या शेवटी तुमची एक ओळ : “शेठ, नदी डावीकडे सांडतेय. मोबाईल सरळ धरत जा.”

मला राग आला. मग काउंटरवरची पट्टी मोबाईलच्या काचेवर ठेवून बघितली. नदी खरंच सांडत होती.

पुढे एकदा तुम्ही लिहिलंत, “शेठ, जरा दुकानाबाहेर निघा. सगळे फोटो गादीवर बसूनच काढता का?” तेव्हा मात्र राहवलं नाही. मी लिहिलं, “मी शेठ नाही. शहाद्याला सासर असलेली बाई आहे. काउंटरवरून उठायला मला दुपारी अर्धा तास मिळतो.” तुमचं उत्तर यायला अख्खा दिवस गेला. “माफ करा भाभी. अर्ध्या तासात पण चांगला फोटो होतो. पण ती नदी सांडत होती.”

माफी मागतानाही आपलं म्हणणं न सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरात माफी मागतात ती विषय संपवण्यासाठी.

ग्रुप रनाळ्याच्या हिंमतआप्पांनी काढलेला. आप्पा शेतकरी, साठी ओलांडलेले, मुलानं दिलेल्या मोबाईलवर फोटो काढायला शिकलेले. जिल्ह्यातलाच फोटो टाकायचा आणि दुसऱ्याच्या फोटोवर खरं लिहायचं, एवढीच त्यांची अट. पहिली अट सगळे पाळायचे. दुसरी फक्त तुम्ही पाळलीत. तुम्ही अक्कलकुव्याला सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याआधी मला वाटायचं की तुम्ही कुठेतरी फोटोग्राफी शिकवत असाल.

आपण प्रत्यक्ष भेटलो ते तीनच वेळा. पहिल्यांदा प्रकाशा गावाला, आप्पांनी सगळ्यांना तापीच्या घाटावर बोलावलं होतं तेव्हा. तुम्ही उंचपुरे असाल असं मी धरून चालले होते. निघालात माझ्यापेक्षा बुटके, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यात जुना कॅमेरा, ज्याच्या मागच्या झाकणाला दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली. त्या सकाळी मी दीडेकशे फोटो काढले असतील. तुम्ही तासभर एका पायरीवर बसून होतात आणि एकच काढलात. मला म्हणालात, “भाभी, तुम्ही फोटो काढता का कापूस वेचता?” मी हसले, पण घरी येऊन त्यातले बहुतेक सगळे पुसून टाकले.

दुसरी भेट नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर. जमिनीवर दूरवर वाळत घातलेली लाल मिरची, आपण सगळे वेडे झालेलो. तुम्ही मात्र फोटो टाकलात काळापांढरा. सगळा ग्रुप तुटून पडला. मीही लिहिलं, “लाल मिरचीचा रंगच काढून टाकला, तर उरलं काय?” तुम्ही लिहिलंत, “लाल दिसला की बाया दिसत नाहीत.” मग मी तो फोटो मोठा करून पाहिला. मिरची पसरणाऱ्या सात बाया, नाकातोंडावर ओढणी, प्रत्येकीचे डोळे आगीनं बारीक झालेले. त्याच जागेच्या माझ्या रंगीत फोटोतही त्या होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. तरी मी हट्टानं भांडत राहिले. रंगही खराच असतो, तो पुसणं म्हणजेही लबाडी, असं म्हणत राहिले. हा वाद आपला मिटला नाही. अजूनही मला वाटतं की माझं थोडं बरोबर होतं.

आता त्या फोटोचं लिहिते, ज्यासाठी हे लिहायला बसले आहे.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघाली होती आणि शहाद्याचं एसटी स्टँड गाठोड्यांनी भरून गेलं होतं. मी दुपारच्या अर्ध्या तासात तिथे गेले. फलाटाच्या कडेला एक बाई झोपली होती. उशाला चपला, एक हात टोपलीवर, टोपलीच्या झाकणातून कोंबडीची मान बाहेर आलेली. पत्र्याच्या फटीतून ऊन नेमकं तिच्या भेगाळलेल्या पावलांवर पडलं होतं. मी खाली बसले, श्वास धरला आणि फोटो काढला. एकच. तुमच्यासारखा.

त्या फोटोला इतके अंगठे मिळाले की मी दुकानात बसून मोजत होते. आप्पांनी तो ग्रुपच्या अगदी वर, कव्हरला लावला. सगळं कौतुक होऊन गेल्यावर तुम्ही आलात.

“भाभी, या बाईला विचारलं होतं?”

“झोपलेल्या माणसाला काय विचारणार?”

“उठेपर्यंत थांबायचं.”

“तिची बस सुटली असती. माझा अर्धा तास संपला असता.”

“मग फोटो सुटू द्यायचा.”

मला ते फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला दुकानाच्या नावापलीकडे ओळखायला लागले होते. मी लिहिलं, “तुम्ही दिवसभर माणसांच्या हाडांचे फोटो काढता. त्यांना विचारता का?” हे सगळ्यांसमोर लिहिलं. काहींनी हसण्याची चित्रं टाकली. तुम्ही शांतपणे लिहिलंत, “विचारतो. नाव विचारतो, कुठे दुखतं विचारतो. मग श्वास धरा म्हणतो. आणि ते फोटो इथे टाकत नाही.”

त्यानंतर मी तुमच्याशी बोलणं सोडलं. साडेतीन महिने. तुम्ही माझ्या फोटोंवर लिहीत राहिलात, नेहमीसारखं, जणू काही झालंच नाही. मी उत्तर दिलं नाही. मध्ये संक्रांत येऊन गेली, तिळगुळाचा फोटो सगळ्यांना पाठवला, तुम्हाला नाही. एवढी मी आडमुठी.

होळीच्या आधी, एका सोमवारी, तुम्ही दुकानाच्या पायऱ्या चढून आलात. बरोबर एक बाई. म्हणालात, “भाभी, ही माझी मोठी बहीण, जत्रीबाई. हिच्या मुलीचं लग्न आहे. साड्या दाखवा.”

मी चटईवर साड्या टाकायला लागले. मनात म्हणत होते, शेवटी आलेच की बोलायला! जत्रीबाईंनी कापडाचा पोत बघायला हात पसरला. मनगटावर विंचवाचं गोंदण. तो हात मी साडेतीन महिने रोज बघत होते. मोठा करून करून बघितला होता. टोपलीवरचा हात.

मी वर पाहिलं. तोच चेहरा, फक्त डोळे उघडे.

तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही शांतपणे कपाटातल्या रंगांकडे बघत होतात. म्हणजे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दवाखान्यातून, घरून, रस्त्यानं, जेव्हा जेव्हा ग्रुप उघडलात तेव्हा तेव्हा तुमची बहीण त्या फलाटावर झोपलेली तुम्हाला दिसली होती. खाली लोकांचं ‘गरिबीतलं सौंदर्य’ वगैरे. आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत की ही माझी बहीण आहे.

“भाऊ, मला माहीत नव्हतं—” मी म्हणाले.

“भाभी,” तुम्ही मध्येच म्हणालात, “तिला हिरव्यातलं दाखवा. गडद. काठ बारीक असला तरी चालेल.”

मग तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोलत राहिलात. मला एक शब्द कळत नव्हता. जत्रीबाई एकदा मोठ्यानं हसल्या आणि तुमच्या दंडावर चापट मारली. मी विचारलं, काय म्हणतात? तुम्ही म्हणालात, “म्हणते, दुकानवाली तीच साडी तिसऱ्यांदा दाखवतेय, तिला चहा पाजा.” जत्रीबाईंना त्या फोटोचं काहीच माहीत नव्हतं. गडद हिरवी साडी घेऊन त्या पायऱ्या उतरल्या, आणि वळून मला हात केला.

त्याच दुपारी मी तो फोटो काढून टाकला. आप्पांना फोन करून कव्हर बदलायला लावलं. कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, माझ्या नंबरावर. “फोटो का काढून टाकला? चांगला होता. उजेड पायांवर बरोबर पकडला होता.”

मी लिहिलं, “त्या तुमच्या बहीण आहेत हे माहीत असतं तर टाकलाच नसता.”

“माझी बहीण नसती, तर राहू दिला असता?”

त्यावर मी चारदा काहीतरी लिहिलं आणि चारदा खोडलं. शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या चित्राचा एक फायदा असतो, त्याचा अर्थ काहीही होतो. तुम्ही लिहिलंत, “विचार करून सांगा. घाई नाही.”

आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं. पुढचे पाच महिने तुम्ही मला कितीतरी शिकवलंत. सावलीत उभ्या माणसाचा चेहरा कसा उजळवायचा, पावसात मोबाईल कसा झाकायचा. माझ्या सासूबाईंच्या हातांचा एक फोटो मी टाकला, जपमाळ ओढताना. तुम्ही फक्त विचारलंत, “त्यांना दाखवला?” मी दाखवला. सासूबाईंनी तो चष्मा लावून पाच मिनिटं बघितला आणि सून झाल्यापासून पहिल्यांदा मला म्हणाल्या, चांगलं करतेस. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मनात होतं, राहून गेलं. ‘माझी बहीण नसती, तर?’ हा प्रश्न मात्र तुम्ही पुन्हा कधी विचारला नाहीत. मला रोज वाटायचं की आज सांगते.

आप्पांचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत होते.

“ताई, बशी जाय पहिले,” आप्पा म्हणाले. “आपला सायसिंगभाऊ गया.”

मी विचारलं, “कुठे गेले?” खरंच विचारलं, भाऊ. मला वाटलं तुमची बदली झाली.

पलीकडून आप्पांच्या रडण्याचा आवाज आला. “आते काय सांगू तुले, कथा गया ते. सकायमा छातीमा दुखनं, वावरमाच बशी गया. ताई, तू बाकीनासले सांग.” सकाळी छातीत दुखून तुम्ही शेतातच बसलात, ते पुन्हा उठला नाहीत.

बाकीच्यांना मी सांगितलं. ग्रुपवर तुमच्या नावापुढे फुलांची, दिव्यांची चित्रं यायला लागली. आप्पांनी दुसऱ्या दिवशी आवाजात संदेश टाकला : “फुलं टाकू नका. त्याले आवडतंस नही. तो जठे जठे उभा राहीसन फोटू काढे, त्या जागावर जावा, अन तठून तुम्ही काढा.”

तुमच्यासाठी जे काही झालं त्यात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. लोक गेले. कोणी तोरणमाळला गेलं, कोणी प्रकाशाच्या त्या पायरीवर बसलं. आप्पा स्वतः मिरचीच्या पथारीवर गेले. पावसाळ्याचे दिवस, तिथे मिरची नव्हतीच, नुसती ओली मोकळी जमीन. त्यांनी तोच फोटो टाकला, काळापांढरा. आठवडाभर ग्रुपवर तुमचे जुने फोटो आणि त्यांच्या शेजारी आमचे नवे. कोणाचाही तुमच्याइतका चांगला आला नाही. कोणी तसं म्हणालंही नाही, कारण खरं लिहिणारा कोणी उरला नव्हता.

मी तुमच्या घराची जागा निवडली. ओट्यावरून काढलेला तुमचा एक फोटो होता, समोर मोहाचं झाड आणि खाली उतरत जाणारी पायवाट. मोलगीच्या वाटेवरचं तुमचं गाव मला फक्त त्या फोटोतून माहीत होतं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी आमच्या मारवाडीत विचारलं, “वो थारो कांई लागै?” तो तुझा कोण लागतो? मी म्हणाले, “भाऊ.” आमचे हे म्हणाले, “मी येतो सोबत. गाडी काढतो.”

तुमच्या माणसांच्या रीतीनं जे करायचं ते होऊन गेलं होतं. घर शांत होतं. वहिनींनी ओट्यावर घोंगडी टाकली, काळा चहा दिला. नंदुरबारला नर्सिंग शिकणारी तुमची मुलगी सुमित्रा आमच्या मध्ये बसली आणि त्यांचं मला मराठीत, माझं त्यांना तुमच्या भाषेत सांगायला लागली. वहिनी म्हणाल्या, तुम्ही जेवताना आमच्याबद्दल बोलायचात. ‘शहाद्याची भाभी ऐकत नाही, पण नंतर करते,’ असं सांगायचात. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही मी त्यांच्यासमोरच केलं.

मग जत्रीबाई आल्या. अंगावर तीच गडद हिरवी साडी, शेतातल्या चिखलानं भरलेली. माझ्या शेजारी बसल्या. मला ठाऊक होतं की आता नाही तर कधीच नाही. ग्रुपवरून काढला तरी फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. मी तो उघडून त्यांच्या हातात दिला.

पहिल्यांदा त्यांनी कोंबडी ओळखली. बोट ठेवून काहीतरी म्हणाल्या. सुमित्रा म्हणाली, “आत्या म्हणते, ही तिकडे गेल्यावर आठव्या दिवशी मेली.” मग त्या स्वतःकडे बघत राहिल्या. खूप वेळ. मग पायांकडे. मग विचारलं, भावानं हा पाहिला होता का?

“हो,” मी म्हणाले.

काय म्हणाला?

“म्हणाले, फोटो चांगला आहे. उजेड पायांवर बरोबर पडलाय.”

सुमित्रानं सांगितलं. जत्रीबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. अंगणात पाणी ठिबकत होतं.

डोळे पुसून जत्रीबाईंनी मला सरळ विचारलं, आणि सुमित्रानं खाली बघत सांगितलं, “आत्या विचारते, मग आम्हाला का नाही दाखवला? का लपवला?”

भाऊ, तुम्हाला द्यायचं उत्तर मी तिथे दिलं. म्हणाले, “लाज वाटली म्हणून. तुम्ही सायसिंगभाऊंच्या बहीण निघालात म्हणून लाज वाटली. दुसऱ्या कोणाचा असता तर मी राहू दिला असता. तो आजही तिथे असता.”

सुमित्रा माझ्याकडे बघत राहिली. “हे सांगू?” तिनं विचारलं. मी म्हणाले, सांग. आमचे हे जमिनीकडे बघत होते. तिनं सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द निवडत.

जत्रीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मोबाईल पुन्हा जवळ घेतला, डोळे बारीक केले, आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे, अगदी कडेला, गाठोड्यामागून आलेला दुसरा एक हात होता. फक्त कोपरापासून खाली, काचेच्या दोन बांगड्या. हा फोटो मी शेकडो वेळा पाहिला असेल. अंगठे दिलेल्या सगळ्यांनी पाहिला असेल. तुम्हीही पाहिलात, आणि तुमच्याही नजरेतून तो सुटला असावा, नाहीतर तुम्ही विचारलं असतंत.

“ही रायकी,” सुमित्रा म्हणाली. “आत्याच्या मागे झोपली होती. पलीकडच्या टेकडीवर राहते. आत्या म्हणते, चला, तिला पण दाखवू.”

आम्ही उठलो. जत्रीबाई पुढे, अनवाणी, मागे सुमित्रा, तिच्यामागे मी. पायवाट ओली होती. तुमच्या ओट्यावरून फोटो काढायला मी आले होते हे मला टेकडीच्या अर्ध्यावर आठवलं. मागे वळून पाहिलं, तर वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. मी फोटो काढला नाही. ग्रुपवर तुमच्या जुन्या फोटोंशेजारी आमचे नवे लागले, त्यात माझी जागा रिकामीच राहिली. तिथे टाकायला माझ्याकडे हे लिहिलेलं एवढंच आहे.

रायकीच्या घरापाशी पोचलो तेव्हा ती खालच्या शेतात निंदत होती. जत्रीबाईंनी हाक मारली. तिनं वर पाहिलं, हातातलं खुरपं दाखवलं आणि ‘येते’ असं काहीतरी म्हणाली. पण लगेच आली नाही. ओळ संपवायला तिला बराच वेळ लागला. जत्रीबाई दगडावर टेकल्या. मी कुडाच्या कुंपणाबाहेर उभी राहिले, मोबाईल पिशवीत घालून. पावसाची भुरभुर सुरू झाली. आमचे हे खालून गाडीचा हॉर्न वाजवत होते, मी उत्तर दिलं नाही.

ती आली, हौदावर हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे बघून अनोळखी माणसाला बघून हसतात तसं हसली.

मी आधी तिला माझं नाव सांगितलं.